ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (जन्म : मुंबई, १९ एप्रिल १८९२, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) ह्या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांपैकी एक होत. माँटेसरी पद्धत प्रथम भारतीय मध्यमवर्गीय घरांसाठी आणि नंतर खेड्यापाड्यांतील व आदिवासी मुलांसाठी अनुकूल करून घेणे, हे त्यांचे प्रमुख कार्य मानले जाते. बोर्डी आणि कोसबाड ही त्यांच्या उत्तरायुष्यातील कार्यक्षेत्रे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात मोडतात. १९६२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

पूर्वायुष्य

ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरात विरोध नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी.ए. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीस राहिल्या. परंतु १९२१ मध्ये पतीपासून विभक्त होऊन त्यांनी स्वतंत्रपणे जगण्याचा निर्णय घेतला. त्या काळातील सुशिक्षित कुटुंबांतही हा निर्णय सोपा नव्हता. त्यानंतर राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी प्राचार्यपद सांभाळले.

भावनगर आणि मुंबई

१९२३ साली राजकोटची स्थिर नोकरी सोडून ताराबाई भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी म्हणून दाखल झाल्या. गिजुभाई मूळचे वकील. माँटेसरी विचारांच्या प्रभावाने त्यांनी १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले होते. गुजराती ही ताराबाईंच्या कामाची भाषा झाली. त्या गुजरातीत शिकवू लागल्या, लिहू लागल्या आणि शिक्षणपत्रिका या मासिकाच्या संपादनातही त्यांनी भाग घेतला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. परक्या भाषेच्या प्रदेशात जाऊन तेथील माणसांत मिसळण्याचा हा अनुभव त्यांना पुढे वारल्यांच्या पाड्यांवर उपयोगी पडला असणार, असे म्हणण्यास जागा आहे.

१९३६ साली त्यांनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले. बालशिक्षिका तयार करण्याचे कामही येथे चाले. संस्थेचा लौकिक वाढला, पण येथे येणारी मुले बहुतांशी सुस्थितीतील कुटुंबांतील होती. महागडी साधने, स्वतंत्र इमारत आणि प्रशिक्षित शिक्षिका ज्यांना परवडतील त्यांच्यापुरतेच हे शिक्षण राहणार काय, हा प्रश्न ताराबाईंपुढे उभा राहिला.

बोर्डी

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. विरारच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेलगत असलेल्या या किनारी गावात मराठी आणि गुजराती दोन्ही भाषा चालत. पारशी-इराणी बागायतदार, मच्छीमार, दलित वस्ती आणि आसपासच्या पाड्यांवरील वारली अशी येथील वस्ती होती. आचार्य शंकरराव भिसे यांच्यासारखे शिक्षक तेथे आधीपासून कार्यरत होते. पुण्यात शिक्षिका असलेल्या, बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) याच सुमारास ताराबाईंना येऊन मिळाल्या. दोघींचे सहकार्य ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत टिकले.

पहिला धडा मात्र शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली, तरी ज्यांच्यासाठी ती उघडली ती गरीब मुले येईनात. आईबाप मजुरीस गेलेले, अंगावर धड कपडे नाहीत आणि सवर्णांच्या मुलांशेजारी बसण्याचा संकोच, अशी त्याची कारणे होती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच दलित वस्तीतील अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे येथपासून दिवसाचा आरंभ होई. माँटेसरीच्या लाकडी साधनांची जागा शंखशिंपले, बिया, खडे, पाने आणि माती यांनी घेतली. ही अंगणातील बालवाडी म्हणजे ताराबाईंच्या कार्यातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय.

बोर्डीच्या आसपासच्या वारली मुलुखातही १९४५ हे वर्ष खळबळीचे होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगार आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारल्यांचा लढा उभारला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराकडे राबत राहायचे, असे या दुसऱ्या पद्धतीचे स्वरूप होते. ताराबाईंचा मार्ग राजकीय नव्हता. तरीही आईबाप वेठीतून मोकळे झाल्याखेरीज मूल बालवाडीत बसणार नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन प्रयत्नांचा परस्परसंबंध दिसतो.

कोसबाड

१९५७ साली संस्थेचे काम कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. येथे वारल्यांचे पाडे जवळ होते आणि अडचणीही निराळ्या होत्या. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत यायची तर तिच्या कडेवरचे भावंड कोण सांभाळणार? यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आली. या रचनेस विकासवाडी असे नाव मिळाले. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात, अशी व्यवस्था झाल्याने मोठ्या मुलींची सुटका झाली. गुरे राखणाऱ्या मुलांना वर्गात आणणे तरीही शक्य नव्हते. त्यांच्यासाठी शिक्षक चराऊ रानात जाऊ लागले आणि कुरणशाळा हा प्रयोग आकारास आला.

वारली बोली शाळेच्या प्रमाण मराठीहून वेगळी असल्याने पाठ्यपुस्तक हे मुलांना परक्याचे वाटे. म्हणून वारली गाणी, तारप्यावरचे नाच आणि परिसरातील झाडेपाखरे यांना बालवाडीत स्थान देण्यात आले. मुलाने आपली बोली व रीत दाराबाहेर ठेवून आत यावे, हे ताराबाईंना मान्य नव्हते. गावातील आणि पाड्यांवरील तरुण स्त्रियांना बालसेविका म्हणून प्रशिक्षण देण्याकडेही संस्थेने लक्ष दिले, कारण बाहेरून आलेल्या शिक्षिका किती वर्षे टिकतील याची शाश्वती नव्हती.

उत्तरकाल आणि प्रभाव

ताराबाईंच्या पश्चात कोसबाडची धुरा अनुताई वाघ यांनी सांभाळली. त्यांच्या कोसबाडच्या टेकडीवरून या पुस्तकात या कार्याची माहिती मिळते. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू केलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी या संकल्पनेचा संबंध अनेक अभ्यासक बोर्डीच्या अंगणातील बालवाडीशी जोडतात; ताराबाईंचे निधन त्यापूर्वी दोन वर्षे झाले होते. योजनेत अंगणवाडीकडे पोषण आणि लसीकरणाची कामेही आली, आणि त्या व्यापात बालशिक्षणाचा भाग पुष्कळदा मागे पडला.

रत्नाकर मतकरी यांचे घर तिघांचं हवं हे नाटक ताराबाईंच्या जीवनावर आधारलेले आहे. त्यात त्यांच्या संस्थात्मक कार्यापेक्षा कौटुंबिक आयुष्यावर भर आहे.