आपल्या तालुक्याचे नरवीर : तानाजी मालुसरे



या वेळच्या भित्तीपत्रकाचा विषय आहे 'देशासाठी पडलेले वीर'. मी नरवीर तानाजी मालुसरे यांच्याबद्दल लिहायचे ठरवले. त्यांचे नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्यांचे गाव उमरठ हे आपल्या पोलादपूर तालुक्यात आहे, हे बाहेरच्या पुष्कळ लोकांना माहीत नसते. पोलादपूरहून कापडे, तिथून पुढे ढवळ्याच्या वाटेला लागले की उमरठ येते. सगळीकडे डोंगर, खाली नदी, मध्ये भाताची खाचरे. आपल्या गावासारखेच गाव.

तानाजींचा जन्म सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळच्या गोडवली गावी झाला असे सांगतात. वडिलांचे नाव काळोजी आणि धाकट्या भावाचे नाव सूर्याजी. वडील लढाईत पडल्यावर मामांनी, म्हणजे शेलारमामांनी, दोन्ही भाच्यांना उमरठला आणून वाढवले अशी परंपरा आहे. म्हणजे तानाजी स्वतःच एका पडलेल्या वीराचे पोर होते. मला हे वाचून फार वाटले. घरातला कर्ता माणूस गेला तर काय होते, हे त्यांना लहानपणीच कळले होते. तरीसुद्धा त्यांनी तलवारच हातात धरली.

शिवाजी महाराजांच्या पदरी ते पायदळाचे मोठे सरदार झाले. १६६१ साली संगमेश्वरला शत्रूने रात्री अचानक हल्ला केला. तेव्हा पिलाजी नीळकंठराव नावाचे दुसरे सरदार घाबरून पळू लागले. तानाजींनी त्यांना धरले आणि चक्क एका मोठ्या दगडाला दोरीने बांधून ठेवले! मग त्यांच्या डोळ्यांसमोर लढून शत्रूला पळवून लावले. ही हकिकत शिवभारत या त्या काळच्या ग्रंथात आहे. गुरुजींनी ती सांगितली तेव्हा आमचा सगळा वर्ग हसला.

१६६५ साली पुरंदरचा तह झाला. त्यात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. कोंढाणा त्यातलाच एक. राजगडावरून बघितले की कोंढाणा समोर दिसतो. आपला गड आणि त्यावर दुसऱ्याचे निशाण, हे जिजाऊसाहेबांना सहन होईना. पाच वर्षांनी महाराजांनी गड परत घ्यायचे ठरवले.

त्याच वेळी उमरठला तानाजींचा मुलगा रायबा याच्या लग्नाची तयारी चालली होती असे पोवाड्यात सांगितले आहे. तानाजी आणि शेलारमामा आमंत्रण द्यायला महाराजांकडे गेले. तिथे त्यांना कोंढाण्याचा बेत समजला. तानाजींनी मुलाचे लग्न मागे ठेवले आणि कामगिरी आपल्याकडे मागून घेतली.

१६७० सालची ४ फेब्रुवारी, माघ वद्य नवमीची अंधारी रात्र. बखरीत लिहिले आहे की तानाजींनी ५०० मावळे बरोबर घेतले. गडावर उदेभान राठोड हा शूर रजपूत किल्लेदार होता. दरवाजावर कडक पहारा, म्हणून मावळे कड्यावरून चढले. घोरपडीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण सभासदाच्या जुन्या बखरीत घोरपड नाही. मावळे माकडासारखे कडा चढून गेले एवढेच त्यात आहे. मला वाटते हे घोरपडीपेक्षा मोठे आहे. आपल्याकडची माणसे गुरांमागे डोंगर चढतात, लाकूडफाटा आणायला कडे उतरतात. तसलीच ती माणसे होती. त्यांचे हात आणि पाय हीच त्यांची घोरपड.

वर मोठी लढाई झाली. तानाजींची ढाल तुटली तेव्हा त्यांनी डाव्या हाताला कापड गुंडाळले आणि त्याच हातावर वार झेलले. शेवटी तानाजी आणि उदेभान दोघेही पडले. सरदार पडल्यावर मावळे मागे फिरू लागले. तेव्हा सूर्याजींनी परतीचे दोर कापून टाकले आणि सगळ्यांना पुन्हा लढायला उभे केले असे सांगतात. सख्खा भाऊ समोर पडलेला असताना त्यांनी हे केले. गड ताब्यात आल्यावर पागेला आग लावली. तो उजेड राजगडावरून महाराजांना दिसला. मागाहून तानाजी गेल्याची बातमी पोचली आणि महाराजांना फार दुःख झाले. कोंढाण्याला सिंहगड म्हणतात ते तानाजींमुळे, असे आपण शिकतो. पण त्याआधीच्या १६६३ सालच्या पत्रातही सिंहगड हे नाव सापडले आहे. नाव आधीचे असले तरी त्या नावाला अर्थ तानाजींनी दिला.

त्यांचा देह ज्या घाटाने खाली कोकणात आणला त्याला मढे घाट म्हणतात अशी समजूत आहे. हा घाट महाड तालुक्यात कर्णवडीकडे उतरतो. उमरठला तानाजींची समाधी आहे, शेलारमामांचीही आहे. लग्नाचे वऱ्हाड निघायचे त्या दारात मुलाला बापाचा देह बघावा लागला. नंतर महाराजांनी स्वतः पुढे होऊन रायबाचे लग्न लावून दिले असे सांगतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पारगडावर रायबांना किल्लेदार नेमले, आणि मालुसरे यांचे वंशज अजून तिथे राहतात.

आपल्या भागात असे वीर थोडे नाहीत. १६६५ साली पुरंदरावर पडलेले मुरारबाजी देशपांडे महाड तालुक्यातल्या किंजळोलीचे. महाड तालुक्यातल्या एका गावातून इतकी माणसे सैन्यात गेली की गावाचे नावच फौजी आंबवडे पडले. शेजारच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी थेट इटलीमध्ये लढताना पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आमचे बाबाही मिलिटरीत आहेत. गेल्या वैशाखात आत्याचे लग्न झाले तेव्हा बाबा सीमेवर होते. सगळे वऱ्हाड जेवत होते आणि आजी एकटी माजघरात बसली होती. मी जवळ गेलो तर ती म्हणाली, काही नाही रे, धुराने डोळे चुरचुरतात. पण चूल तर मागच्या पडवीत होती. तानाजींचा धडा मी आधीही वाचला होता. पण त्या दिवसापासून मला रायबा आणि त्याची आई यांची जास्त आठवण येते. पोवाड्यात त्यांच्याबद्दल थोडेच असते. लढणारा एकदा लढतो, घरची माणसे रोज वाट बघतात.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. माघ वद्य नवमीला उमरठला जाल तेव्हा समाधीवर फूल वाहा. आणि आपल्या वाडीत ज्यांच्या घरचा माणूस सैन्यात आहे किंवा देशासाठी गेला आहे, त्यांच्या दारातही जा. पाणी भरून द्या, पत्र वाचून दाखवा, मोबाईल लावून द्या, लावणीला हात लावा. हासुद्धा वीरांचा मान आहे.

नरवीर तानाजी मालुसरे, सूर्याजी, शेलारमामा आणि ज्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत त्या सगळ्या मावळ्यांना माझे कोटी कोटी प्रणाम.

जय हिंद! जय महाराष्ट्र!