‘सेल्फ’ देणारा माणूस : चार्ल्स केटरिंग



पावसाळ्यातली सकाळ असते. शाळेची वेळ झालेली असते आणि नेमकी त्याच दिवशी गाडी चालू होत नाही. किल्ली फिरवली की नुसते टक् टक् वाजते. शेजारचे काका खिडकीतून पाहतात आणि सेल्फ गेल्याचे जाहीर करतात. मग चारजण मिळून गाडी ढकलतात. ज्या यंत्राची आठवण आपल्याला केवळ ते बंद पडल्यावर होते, ते हे यंत्र. गॅरेजात त्याला सेल्फ म्हणतात, पुस्तकात स्टार्टर मोटर. ते मोटारीत आणणाऱ्या माणसाची ही ओळख.

आधी थोडे मागे जाऊ. घरातल्या आजोबांना विचारा, ते सांगतील की जुन्या फियाट, अ‍ॅम्बेसेडर किंवा जीपला हँडल मारता येत असे. सेल्फ नसण्याच्या काळात तर प्रत्येक गाडी हँडल मारूनच चालू करावी लागे. पुढच्या बाजूने लोखंडी दांडा घालायचा आणि जोर लावून इंजिन फिरवायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे झटका देई. तो दांडा हातावर, मनगटावर, कधी तोंडावर बसे. म्हणून हँडल धरताना अंगठा दांड्याभोवती न वळवता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा, असे नवशिक्याला बजावत. तरीही हात मोडल्याच्या घटना नेहमी घडत. ज्यांच्या अंगात तेवढी ताकद नाही, त्यांना एकट्याने गाडी बाहेर काढणे अवघडच होते.

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. मुलगा हुशार होता, पण डोळे अधू होते. वाचायला बसले की डोके दुखे. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ खेड्यातल्या शाळेत शिक्षकाची नोकरी केली. विजेचे आणि चुंबकाचे प्रयोग मुलांना करून दाखवणे त्यांना फार आवडे. पुढे ते ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाले, पण डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागले.

दुसरा कोणी असता तर खचला असता. केटरिंग टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत कामाला लागले. खड्डे खणले, खांब उभे केले आणि काही दिवसांत त्या टोळीचे मुकादम झाले. उघड्यावरच्या कामाने डोळ्यांना विश्रांती मिळाली आणि वीज प्रत्यक्ष हाताळायला मिळाली. ते पुन्हा विद्यापीठात गेले. मित्र धडे वाचून दाखवत, ते ऐकून लक्षात ठेवत. १९०४ साली ते विद्युत अभियंता झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

त्यानंतर त्यांना डेटन शहरात ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ या कंपनीत नोकरी मिळाली. ही कंपनी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रे बनवीत असे. विक्रीची नोंद करण्यासाठी दुकानदाराला प्रत्येक वेळी हाताने दांडा फिरवावा लागे. केटरिंग यांनी त्या यंत्राला विजेची छोटी मोटर बसवून दिली. हे करताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ही मोटर दिवसभर चालायची नाही, क्षणभर जोर लावून थांबायची आहे. सतत चालणारी मोटर मोठीच लागते, नाहीतर ती तापून जळते. पण काम क्षणभराचे असेल, तर लहान मोटरकडूनही तिच्या नेहमीच्या ताकदीच्या कितीतरी पट काम घेता येते. मात्र पुढच्या झटक्याआधी तिला थंड व्हायला वेळ मिळाला पाहिजे.

१९०९ साली त्यांनी नोकरी सोडली आणि एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर ‘डेल्को’ ही कंपनी काढली. तिची सुरुवात झाली डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात. तिथे जुन्या कंपनीतले मित्र कामावरून सुटल्यावर येत आणि रात्री उशिरापर्यंत खटपट करत. त्यांनी तयार केलेली ठिणगी पाडण्याची सुधारित योजना कॅडिलॅक कंपनीने आपल्या मोटारींसाठी घेतली.

याच काळातली एक हकिगत नेहमी सांगितली जाते. बायरन कार्टर नावाचे एक मोटार बनवणारे गृहस्थ डेट्रॉइटजवळ रस्त्यात बंद पडलेली एका बाईंची गाडी चालू करून द्यायला थांबले. हँडलने उलटा झटका दिला आणि त्यांचा जबडा फुटला. पुढे आजार वाढून ते गेले. हकिगतीचे तपशील निरनिराळे सांगतात, पण कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांच्या मनाला ही गोष्ट लागली आणि हँडलपासून सुटका करण्याचा त्यांनी निश्चय केला, असे मानले जाते.

काम केटरिंग यांच्याकडे आले. जाणकारांचा हिशेब असा होता, की इंजिन फिरवण्याएवढी मोटर घ्यायची तर ती इंजिनाएवढीच होईल आणि तिची बॅटरी गाडीत मावणार नाही. हिशेब चूक नव्हता, पण तो सतत चालणाऱ्या मोटरचा होता. केटरिंग यांनी वेगळा प्रश्न विचारला : मोटरने जोर लावायचा तो किती वेळ? उत्तर होते, काही सेकंद. गल्ल्याच्या मोटरचे गणितच इथे लागू पडत होते. शिवाय इंजिन चालू झाल्यावर तेच यंत्र उलट इंजिनाकडून फिरेल, वीज तयार करेल आणि बॅटरी पुन्हा भरेल, अशीही त्यांनी सोय केली.

फेब्रुवारी १९११ मध्ये हे यंत्र बसवलेली कॅडिलॅक लेलंड यांना दाखवण्यात आली. १९१२ च्या मॉडेलमध्ये हँडलऐवजी सेल्फ आला आणि विजेचे दिवेही आले. काही वर्षांतच बाकीच्या कंपन्यांनी तो स्वीकारला. गाडी चालवणे हे ताकदीचे काम राहिले नाही. स्त्रिया आणि वयस्कर माणसेही एकट्याने गाडी काढू लागली.

पुढे डेल्को जनरल मोटर्समध्ये गेली आणि केटरिंग १९२० ते १९४७ अशी सत्तावीस वर्षे तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. रेल्वेची डिझेल इंजिने सुधारण्यात त्यांच्या विभागाचा मोठा वाटा होता. १९४५ साली त्यांच्या आणि आल्फ्रेड स्लोन यांच्या नावाने न्यूयॉर्कला कर्करोगाच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली. त्यांच्या नावावर १८० हून अधिक पेटंट जमा झाली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले.

पण मित्रहो, थोरांचे चरित्र वाचताना त्यांची चूक झाकून ठेवू नये. १९२१ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून इंजिनाची ठोकठोक थांबवली. ते संयुग विकण्यासाठी निघालेल्या कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. १९२४ साली ते तयार करणारे काही कामगार विषबाधेने मेले. धुरातून बाहेर पडणाऱ्या शिशाचे पुढे काय होणार, किती काळ ते माणसाच्या शरीरात साचत राहणार, हा प्रश्न डॉक्टरांनी तेव्हाच विचारला होता. केटरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हवे तेवढे महत्त्व दिले नाही. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ साली. सेल्फच्या वेळी ज्या माणसाने किती वेळ हा प्रश्न विचारून यश मिळवले, त्यानेच शिशाच्या वेळी तो बाजूला ठेवला.

आता आपल्या गाडीकडे येऊ. आजचा सेल्फ बराच सुधारलेला आहे, पण नियम तोच. साध्या मोटारीत तो बॅटरीतून शंभर ते दोनशे अँपिअर वीज खेचतो. त्यामुळे किल्ली दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये आणि पुन्हा प्रयत्न करण्याआधी अर्धा मिनिट तरी थांबावे. नुसते टक् टक् वाजले, तर सेल्फला दोष देण्याआधी बॅटरी आणि तिची टर्मिनल पाहावीत. ती सैल झालेली किंवा त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असली की वीज पोचत नाही, आणि पुष्कळदा दुखणे एवढेच असते. सेल्फ घूं घूं फिरतो पण इंजिन फिरत नाही, तेव्हा त्याचे पुढचे दाते इंजिनाच्या चक्राला पकडत नसतात. खरखर ऐकू आली तर दाते झिजले असतील. आतले कार्बन झिजले असतील तर मेकॅनिक ते बदलून देतो, पूर्ण सेल्फ बदलावा लागतोच असे नाही. बदलायचाच झाला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि नव्या सेल्फचे दाते जुन्याशी मोजून पाहायचे. अर्थात हे काम मोठ्यांचे, तुम्ही शेजारी उभे राहून पाहायचे.

पुढच्या वेळी गॅरेजात सेल्फ उघडलेला दिसला तर जरूर डोकावून बघा. एवढीशी मोटर एवढे मोठे इंजिन कशी फिरवते, याचे उत्तर आता तुम्हाला ठाऊक आहे : थोडाच वेळ, म्हणून.