गरिबांचे वकील क्लॅरेन्स डॅरो

क्लॅरेन्स डॅरो यांचा जन्म १८५७ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. वडील लाकडी सामान बनवीत; घरात पैसा थोडा, पुस्तके मात्र पुष्कळ. पुढे शिकागोत डॅरो एका रेल्वे कंपनीचे वकील झाले. अपघातग्रस्तांचे दावे कंपनीतर्फे पाहणे हेही त्यांचे काम असे. १८९४ मध्ये रेल्वे कामगारांचा संप झाला, तेव्हा ती नोकरी सोडून ते पुढारी यूजीन डेब्स यांच्या बचावास उभे राहिले. यश आले नाही; डेब्स तुरुंगात गेले. पण विद्यार्थी मित्रांनो, डॅरो मागे फिरले नाहीत.

१९०२-०३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील खाणकामगारांची बाजू त्यांनी आयोगापुढे मांडली. साक्षीदारांत बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे वडील खाणीत मेले होते, आणि त्यांच्या देण्यापोटी कंपनी या पोराची मजुरी कापून घेत होती. आयोगाने कामगारांना शेकडा १० वाढ दिली.