क्रीडावीर बाळू पालवणकर

संतांची, समरवीरांची व देशभक्तांची चरित्रे आपल्या घरांतून आवडीने वाचली जातात. क्रीडांगणावर देह झिजविणाऱ्या पुरुषाचे चरित्र मात्र करमणुकीचा विषय समजून आपण बहुधा बाजूस सारतो. आज आम्ही वाचकांपुढे अशाच एका क्रीडावीराचे चरित्र ठेवीत आहोत. हिंदुस्थानातील आरंभीच्या थोर गोलंदाजांत बाळू पालवणकर यांची गणना होते, हे तर खरेच. परंतु ज्या संघाच्या नावातच हिंदू हा शब्द होता, त्या संघास जय मिळवून देणाऱ्या या पुरुषाला त्या समाजाने कितपत जवळ केले, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून उभा राहतो. म्हणूनच मंदिराशी नाते असलेल्या कुटुंबांनी ते अवश्य वाचावे, असे आम्हांस वाटते.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील, आणि पालवण या गावावरून पालवणकर हे आडनाव पडलेले. जातीने ते चर्मकार, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले, आणि तेथेच बाळू व त्यांचे धाकटे बंधू यांना क्रिकेटचा छंद लागला. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेले साहित्य हीच त्या मुलांची खेळण्याची सामग्री होती.

घरची गरिबी असल्याने बाळूंना लवकरच कामास लागावे लागले. पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरविणे आणि वेळप्रसंगी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. पगार दरमहा तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथील नामांकित फलंदाज ग्रेग यांना ते तासन् तास गोलंदाजी करीत. बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस मिळे, अशी आख्यायिका आहे. डाव्या हाताने संथ चेंडू टाकावा, तो हवेत हेलकावत जावा आणि पडताच कधी या बाजूस तर कधी त्या बाजूस वळावा, ही कला त्यांनी या कष्टांतूनच साधली. पण इतकी वर्षे चेंडू टाकूनही साहेबलोकांनी त्यांच्या हाती बॅट कधी दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा अधिकार आणि गोलंदाजी हे चाकराचे काम, अशीच ती विभागणी होती.

ही कीर्ती पुण्याच्या हिंदू खेळाडूंच्या कानी गेली. युरोपियनांस हरवावयाचे तर बाळू आपल्याकडे हवेत, हे सर्वांस कळत होते. परंतु त्यांना संघात घ्यावे किंवा कसे, यावर बराच वाद झाला. अखेर त्यांना घेतले. मात्र मैदानावर ज्यांचा चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे, त्यांना चहा मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे आणि जेवणाचे ताट निराळे मांडले जाई. आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो असल्याने सोवळ्याओवळ्याचे नियम आम्हांस परके नाहीत. पण चेंडूला विटाळ नाही आणि पेल्याला मात्र आहे, हे कोणत्या शास्त्रात बसते, याचे उत्तर आम्हांस कोठेही सापडलेले नाही.

पुण्याच्या हिंदू संघाने साताऱ्याच्या गोऱ्या संघाशी सामना खेळला, तेव्हा बाळूंच्या चेंडूला वळण मिळू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर दिवसचे दिवस रूळ फिरविला होता, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले व हिंदूंचा जय झाला. पुण्यास परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. ज्यांच्यासह आपण खेळू शकतो, त्यांच्यासह बसून खाण्यापिण्यास हरकत कसली, अशा आशयाचा प्रश्न न्यायमूर्तींनी त्या वेळी केल्याचे सांगितले जाते. प्रश्न साधा होता. पण त्यास उत्तर देण्यास समाजाला फार काळ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास काही सभासदांचा विरोध होता. परंतु संघनायक कीर्तिकर यांच्या आग्रहाने तो मावळला. उपजीविकेसाठी बाळूंनी बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी धरली व तिच्या संघातूनही ते खेळले. ही रेल्वे सुरतकरांच्या परिचयाची. तिचा पहिला मार्ग १८६० साली आपल्या शेजारच्या उत्राणपासून अंकलेश्वरपर्यंत सुरू झाला आणि पुढे तिनेच सुरत मुंबईशी जोडली. मुंबईतले वातावरण पुण्यापेक्षा मोकळे होते, आणि धाकटे बंधू शिवराम हेही लवकरच हिंदू संघात दाखल झाले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. वंगभंगामुळे स्वदेशीची चळवळ पेटलेली असल्याने या सामन्यास खेळापलीकडचा अर्थ आला होता. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी मिळालेल्या या जयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. पुढील वर्षी हिंदूंनी पुन्हा जय मिळविला. त्याच १९०७ सालाच्या अखेरीस आमच्या सुरतेत राष्ट्रसभेचे अधिवेशन जहाल व मवाळ यांच्या दुहीने मोडले, हे वाचकांस ठाऊक आहेच. देशभक्तांचे मंडळ फुटत असताना क्रिकेटचा संघ मात्र जातीची भिंत थोडी खाली उतरवून जिंकत होता. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी पत्राने त्या जयाचे मर्म हेच सांगितले की, जिमखान्याने या बंधूंना आत घेतले, हे अस्पृश्यतेच्या बंधनातून सुटण्याच्या मार्गावरील एक मोठे पाऊल होय.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदू, मुसलमान व पारशी खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने जिंकल्यापेक्षा हरलेले सामनेच अधिक. पण बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ गडी बाद केले आणि दर गड्यामागे १९ हूनही कमी धावा दिल्या. वय तेव्हा ३५ वर्षांचे, हवा परकी, सामने एकामागून एक; तरी त्यांच्या हाताची अचूकता ढळली नाही. मुंबईस परतल्यावर दलित समाजाने त्यांचा मोठ्या अभिमानाने गौरव केला. तरुण भीमराव आंबेडकर यांनाही बाळूंविषयी मोठा आदर होता.

इतके होऊनही हिंदू संघाचे नायकपद बाळूंकडे आले नाही. १९१३ साली ते मुकुंदराव पै यांना मिळाले. पै हे ब्राह्मण. सत्काराच्या प्रसंगी त्यांनी उघडपणे बोलून दाखविले की, हा मान वडीलकीच्या नात्याने बाळूंचा होता. हे थोर मनाचे बोलणे ऐकूनही निवड करणारांचे मन पालटले नाही. १९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूंना प्रथम वगळण्यात आले, आणि पै आजारी पडताच नायकत्व दि. ब. देवधरांना देण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल या दोघा बंधूंनी जातीमुळे अन्याय होत असल्याचे जाहीर करून संघातून अंग काढून घेतले. लोकमतही त्यांच्या बाजूस वळले. पुढील सामन्यापूर्वी बंधूंना सन्मानाने परत बोलाविण्यात आले व बाळूंना उपनायक नेमले. त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर राहिले. तेवढ्यापुरते का होईना, चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. पुढे १९२३ साली विठ्ठल हे रीतसर नायक झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. थोरल्या भावास जे नाकारले गेले, ते धाकट्याने मिळविले.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. त्यात आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. एकमेकांचा आदर करणाऱ्या दोन पुरुषांना परस्परांसमोर यावे लागले, ही त्या काळाची दुःखद बाजू होय. अस्पृश्यतेचा अंत दोघांनाही हवा होता. मार्गांत मात्र अंतर पडले होते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईस बाळूंनी देह ठेवला. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा त्यापूर्वी जेमतेम महिनाभर, १ जून १९५५ पासून अमलात आला होता. वेगळ्या भांड्यातून चहा पिऊन ज्यांनी खेळास आरंभ केला, त्यांना तो दिवस पाहावयास मिळाला, एवढे तरी समाधान आहे. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, ही त्यांची नोंदलेली कामगिरी. पण पुढील कित्येक दशके त्यांचे नाव जवळजवळ विस्मृतीतच राहिले; अलीकडील इतिहासकारांनी ते पुन्हा उजेडात आणले.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? कष्टाने कला साधते, हा बोध तर आहेच. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते निराळेच. बाळूंशी वैर करणारे कोणी दुष्ट लोक नव्हते. ते आपल्यासारखेच धर्मनिष्ठ, सभ्य गृहस्थ होते. त्यांना बाळूंचे गडी हवे होते, पण पंगतीत बाळू नको होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला, पंढरपूरचे मंदिर साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली सर्वांस खुले झाले. दारे उघडली, हे चांगलेच झाले. पण दार उघडल्यानंतर आत पंगत कशी बसते, वाढपी कोण असतो, कार्यकारी मंडळात कोणास मान मिळतो आणि कोणाच्या वाट्यास केवळ झाडलोट येते, हे पाहणे आपल्या हाती आहे. ज्याची सेवा आपण घेतो, त्यास मानाचे पान देण्यास आपण कचरू नये. महाप्रसादाच्या पुढील पंगतीत ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने मनात धरावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.