विश्लेषण : एका सामन्यात १०० गुण, तरी ‘सर्वोत्तम’ नाही? विल्ट चेंबरलेनवरचा वाद ६० वर्षांनंतरही का मिटत नाही?

बास्केटबॉलमध्ये सार्वकालिक सर्वोत्तम कोण, या वादात मायकल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स यांच्या मागोमाग विल्ट चेंबरलेनचे नाव निघते आणि तिथून वाद भरकटतो. एका सामन्यात १०० गुण, हंगामाची सरासरी ५०.४ गुण, एका सामन्यात ५५ रिबाउंड. छपाईची चूक वाटावी असे हे आकडे. पण एनबीएची जेतेपदे फक्त २. त्याच काळातील त्याचा प्रतिस्पर्धी बिल रसेलकडे ११. मग खेळाडू जोखायचा कशाने, आकड्यांनी की जेतेपदांनी?

चेंबरलेन कोण होता?

२१ ऑगस्ट १९३६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात त्याचा जन्म झाला. उंची ७ फूट १ इंच. शाळेत असतानाच त्याचे नाव देशभर झाले होते. पुढे कॅन्सस विद्यापीठाकडून खेळताना १९५७ मध्ये तो राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तीन वेळा जादा वेळ देऊनही निकाल लागला तो एका गुणाने, नॉर्थ कॅरोलिनाच्या बाजूने, ५४-५३. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू मात्र चेंबरलेनच ठरला. वैयक्तिक गौरव एकीकडे आणि करंडक दुसरीकडे, हा प्रकार त्याच्या आयुष्यात अनेकदा घडणार होता.

एक वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनीय सामने खेळणाऱ्या संघासोबत फिरून तो १९५९ मध्ये फिलाडेल्फिया वॉरियर्समध्ये आला. आदल्या हंगामात ३२ सामने जिंकून ४० हरलेला हा संघ त्याच्या पहिल्या वर्षी ४९ जिंकला आणि २६ हरला. सामन्यामागे ३७.६ गुण आणि २७ रिबाउंड घेणारा हा नवखा खेळाडू थेट हंगामाचा सर्वोत्तम, म्हणजे ‘एमव्हीपी’ ठरला.

आकडे एवढे मोठे कसे?

२ मार्च १९६२ रोजी चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या हर्शी गावात न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने १०० गुण केले. ६३ पैकी ३६ नेम बसले आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो. प्रेक्षक ४ हजारांच्या थोडे वर, टीव्हीचे प्रक्षेपण नाही. निक्सचा नेहमीचा सेंटर आजारी होता आणि त्याच्या जागी आलेला खेळाडू फाउलच्या ओझ्यामुळे २० मिनिटेच मैदानावर होता. शेवटच्या मिनिटांत तर तमाशाच झाला. चेंबरलेनला चेंडू मिळू नये म्हणून निक्स त्याच्या सहकाऱ्यांना फाउल करत होते आणि चेंडू परत मिळावा म्हणून वॉरियर्स निक्सच्या खेळाडूंना. हा विक्रम कमअस्सल आहे म्हणणाऱ्यांचा सारा दारूगोळा एवढाच. पण कमकुवत सेंटर लीगमध्ये इतरांच्याही वाट्याला येत होते आणि १०० गुण दुसऱ्या कोणालाही करता आलेले नाहीत.

खरा प्रश्न त्या एका रात्रीचा नाही, अख्ख्या हंगामाचा आहे. १९६१-६२ मध्ये तो सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटे खेळला. सामना असतो ४८ मिनिटांचा! जादा वेळेमुळे सरासरी वर गेली. संघाच्या ३,८९० मिनिटांपैकी ३,८८२ मिनिटे तो मैदानावर होता. उरलेली ८ मिनिटे, पंचांनी बाहेर काढल्यामुळे.

शिवाय तेव्हाचा खेळ वेगवान होता आणि नेम आजच्यापेक्षा कच्चे. एक संघ सामन्यात सुमारे १०८ वेळा बास्केटवर नेम धरायचा, आज हा आकडा ९० च्या आसपास असतो. नेम चुकला की चेंडू परत येतो आणि तो पकडला की रिबाउंड. म्हणून तेव्हा एका संघाचे सरासरी ७१ च्या आसपास रिबाउंड होत, आज ४४ च्या आसपास होतात. चेंबरलेनचे त्या हंगामातील २५.७ रिबाउंड म्हणजे सरासरी संघाच्या साधारण ३६ टक्के. तोच वाटा आजच्या संघाला लावला तर येतात १६. अफाट, पण मानवी.

गुणांना हेच गणित लावायला गेले की गंमत होते. संघाच्या एकूण गुणांतील वाटा धरला तर आजच्या हिशेबात त्याची सरासरी ४८ पर्यंतच उतरते, कारण तेव्हाचे संघ सामन्यामागे सुमारे ११९ गुण करत आणि आजचेही ११४ च्या घरात करतात. नेम धरण्याच्या संख्येने भागले तर ४२ च्या जवळ. आणि आजचा तारांकित खेळाडू खेळतो तेवढी ३६ मिनिटे धरली, तर ३७. खेळाडू एक, हंगाम एक, पण कशाने भागायचे यावर ३ वेगवेगळे चेंबरलेन तयार होतात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हर्निअर कॅलिपर हातात देताना आधी ‘झिरो एरर’ बघायला सांगतात. चाहत्यांच्या वादात ती पायरी सहसा गाळलेली असते.

मग त्या वर्षी सर्वोत्तम कोण ठरले?

बिल रसेल. सरासरी ५० गुणांचा हंगाम आणि एमव्हीपी दुसऱ्याला, हे आज पटत नाही. पण तेव्हा एमव्हीपी निवडत ते खुद्द खेळाडू. मैदानावर ज्यांना दोघांशीही झुंजावे लागे, त्यांनी बोस्टन सेल्टिक्सच्या रसेलला मत दिले. दुसरीकडे, क्रीडा पत्रकारांनी हंगामाचा सर्वोत्तम संघ निवडला, त्यात पहिल्या संघाचा सेंटर होता चेंबरलेन आणि दुसऱ्या संघाचा रसेल. म्हणजे एकाच हंगामावर दोन निकाल लागले आणि दोन्ही अधिकृत नोंदीत आहेत. आजचे चाहते हाच खटला पुन्हा चालवत असतात.

त्या हंगामात दोघे पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत भिडले. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि शेवटच्या काही सेकंदांत सेल्टिक्सच्या सॅम जोन्सने बास्केट केली. बोस्टन १०९, फिलाडेल्फिया १०७. जोन्सचा नेम चुकला असता तर चेंबरलेनच्या क्षमतेत कणभरही फरक पडला नसता, पण त्याच्याविषयीचे मत कदाचित वेगळे असते.

जेतेपदे हा योग्य निकष नाही का?

काही प्रमाणात आहे. रसेल निवृत्त झाल्यावर सेल्टिक्सची अवस्था बघा. १९६८-६९ मध्ये ४८ विजय आणि ३४ पराभव, पुढच्याच हंगामात बरोबर उलटे, ३४ विजय आणि ४८ पराभव. याउलट चेंबरलेन १९६८ मध्ये फिलाडेल्फियाचा संघ सोडून लॉस एंजेलिस लेकर्समध्ये गेला, तेव्हा लेकर्सचे विजय ५२ वरून ५५ झाले, एवढेच. आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांनाही हा पुरावा टाळता येत नाही.

पण जेतेपद संघाचे असते. रसेलभोवती बॉब कूझी, सॅम जोन्स, जॉन हॅव्हलिचेक होते आणि बहुतेक वर्षे रेड ऑअरबाख हा एकच प्रशिक्षक. चेंबरलेनचे प्रशिक्षक सतत बदलत राहिले आणि प्रत्येकाने त्याच्याकडून वेगळे काही मागितले. फ्रँक मॅग्वायरला त्याचे ५० गुण हवे होते, ते त्याने दिले. १९६६-६७ मध्ये ॲलेक्स हॅनमने गुण कमी कर आणि चेंडू वाट, असे सुचवले. सरासरी २४.१ वर आली, असिस्ट ७.८ वर गेले आणि फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सने ६८ सामने जिंकून फक्त १३ गमावले. सलग ८ जेतेपदे घेतलेल्या बोस्टनला ४-१ असे हरवून त्यांनी पुढे करंडक जिंकला.

चेंडू वाटण्यातही त्याला अव्वल व्हायचेच होते. १९६७-६८ मध्ये ७०२ असिस्ट करून त्याने लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. यातही मेख आहे. ऑस्कर रॉबर्टसनची सरासरी ९.७ होती, चेंबरलेनची ८.६. रॉबर्टसन त्या वर्षी कमी सामने खेळला आणि तेव्हा क्रमवारी एकूण बेरजेवर ठरे, म्हणून मान चेंबरलेनचा. त्याच वर्षी बोस्टनविरुद्ध ३-१ अशी आघाडी त्याच्या संघाने घालवली. सातव्या सामन्याच्या उत्तरार्धात त्याने बास्केटवर फक्त २ वेळा प्रयत्न केला. जास्त गुण केले तर स्वार्थी, कमी केले तर कच खाणारा, ही टीका त्याने दोन्ही बाजूंनी ऐकली. माझ्या मते त्या उत्तरार्धाबद्दलची टीका रास्त आहे. १०० गुणांबद्दलची नाही.

फ्री थ्रो ही त्याची खरी, निर्विवाद दुबळी बाजू. कारकिर्दीत निम्म्याहून किंचित जास्तच नेम बसले. १९६१-६२ मध्ये तो दोन्ही हातांनी खालून चेंडू टाकत असे आणि त्याच वर्षी त्याची टक्केवारी सर्वाधिक, ६१ होती. तरी पुढे त्याने ती पद्धत सोडली. तसे टाकताना आपण वेडगळ दिसतो असे वाटे, हे त्याने नंतर स्वतःच मान्य केले. या एका गोष्टीचा दोष त्याच्या काळावर ढकलता येत नाही.

१९६९ मध्ये काय घडले?

अंतिम फेरीचा सातवा सामना, पुन्हा बोस्टन. शेवटची सहाएक मिनिटे उरली असताना चेंबरलेनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. थोड्या वेळाने त्याने परत जाण्याची तयारी दाखवली, पण प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनी नकार दिला. लेकर्स १०८-१०६ असे हरले. रसेलचा तो शेवटचा सामना. चेंबरलेनने मैदान सोडायला नको होते, अशी जाहीर टीका त्याने नंतर केली आणि एकेकाळी एकमेकांच्या घरी जेवणारे हे दोघे अनेक वर्षे बोलले नाहीत. पुढे समेट झाला. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू हा पुरस्कार त्या वर्षीच सुरू झाला आणि तो मिळाला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. वेस्टला मात्र कोणी ‘हरणारा’ म्हटले नाही.

तीन वर्षांनी, ३५ वर्षांचा चेंबरलेन सामन्यामागे जेमतेम १५ गुण करत होता. लेकर्सने सलग ३३ सामने जिंकले आणि निक्सला ४-१ असे हरवून करंडक नेला. दुखऱ्या हाताने निर्णायक सामन्यात २४ गुण आणि २९ रिबाउंड घेणारा चेंबरलेन अंतिम फेरीचा सर्वोत्तम ठरला.

जे मोजलेच नाही, त्याचे काय?

आपल्याकडे गावसकर की तेंडुलकर हा वाद हेल्मेट आणि खेळपट्टीपाशी अडतो. तिथे निदान धावफलक पूर्ण असतो. चेंबरलेन आणि रसेल यांच्याबाबत तोही अपुरा आहे. प्रतिस्पर्ध्याचा बास्केटकडे निघालेला चेंडू हवेत अडवणे, म्हणजे ब्लॉक, हे दोघांचेही मुख्य शस्त्र. रसेलचा तर सारा मोठेपणाच त्यावर उभा आहे. पण त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत एनबीए ब्लॉक मोजतच नव्हती. खेळाडू मैदानावर असताना संघ किती पुढे किंवा मागे होता, हे सांगणारा प्रत्येक चेंडूचा तपशील तर १९९६-९७ पासूनचाच मिळतो.

१९७३ मध्ये चेंबरलेनने ३१,४१९ गुण आणि २३,९२४ रिबाउंडवर एनबीए सोडली. हा रिबाउंडचा विक्रम त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १२ ऑक्टोबर १९९९ नंतरही अबाधित आहे. प्रतिस्पर्धी लीगमधील सॅन डिएगोच्या संघाशी त्याने करार केला, पण लेकर्सने हरकत घेतल्याने त्याला खेळता आले नाही, केवळ प्रशिक्षक राहावे लागले. नेमक्या त्याच हंगामापासून एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली. लेकर्सने सेंटरच्या रिकाम्या जागी एल्मोर स्मिथला आणले. २८ ऑक्टोबर १९७३ रोजी पोर्टलंडविरुद्ध त्याने १७ ब्लॉक केले. एका सामन्यातील सर्वाधिक ब्लॉकचा विक्रम म्हणून आजही तीच नोंद आहे.