मूकपटांची राणी सुलोचना

पूर्वी आपल्याकडचे चित्रपट मुके होते. पडद्यावर माणसे हसत, रडत, ओठ हलवत. पण आवाज येत नसे. मधूनमधून पडद्यावर मजकूर दिसे, तो वाचून गोष्ट समजे. त्या काळातील सर्वांत लोकप्रिय अभिनेत्री म्हणजे सुलोचना. (मराठी चित्रपटांतील सुलोचनादीदी वेगळ्या.)

त्यांचे खरे नाव रूबी मायर्स. त्यांचा जन्म १९०७ साली पुण्यात एका ज्यू, म्हणजे यहुदी, कुटुंबात झाला. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी त्यांना चित्रपटात बोलावले. चित्रपटात काम करणे तेव्हा मुलींना शोभणारे मानत नसत. त्यांनी नकार दिला. भवनानींनी मात्र आग्रह सोडला नाही, आणि १९२५ मध्ये रूबी पडद्यावर आल्या.

‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) या चित्रपटात त्यांनी एकट्यांनी आठ भूमिका केल्या. त्यांत माळी होता, पोलीस होता आणि चक्क एक हैदराबादी गृहस्थही होता! आपले नांदेड आणि लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानातच होते. त्या इंपीरियल कंपनीत गेल्या होत्या. १९२८ च्या ‘अनारकली’ने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्यांचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त आहे, असे लोक म्हणत.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. तो इंपीरियल कंपनीचाच होता. पण नायिका होत्या जुबेदा. सुलोचनांना हिंदुस्तानी नीट बोलता येत नव्हते. इतकी वर्षे त्यांचे काही अडले नव्हते. आता मात्र भाषा येत नाही म्हणून सारे हातचे जाणार होते.

त्यांनी एक वर्ष काम थांबवले आणि त्या हिंदुस्तानी शिकल्या. एवढी नावाजलेली अभिनेत्री पुन्हा विद्यार्थिनी झाली! १९३२ मध्ये त्यांचा ‘माधुरी’ हा बोलपट आला. या नावाच्या मूकपटातही त्याच नायिका होत्या. १९३५ मध्ये त्या पुन्हा अनारकली झाल्या, या वेळी बोलणारी.

वय वाढले तशा भूमिका लहान झाल्या. १९५३ साली ‘अनारकली’ पुन्हा पडद्यावर आली. त्यात नायिका होत्या बीना राय, आणि सुलोचना होत्या सलीमची आई. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.