नमस्कारांचा वसा घेतलेला राजा

औंध म्हटले की आजच्या पुणेकराच्या डोळ्यांपुढे उंच इमारतींचे उपनगर उभे राहते. पण सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी, याच नावाचे एक जुने गाव आहे. अवर्षणप्रवण माणदेशाच्या सीमेवरील हे गाव एके काळी बहात्तर गावांच्या छोट्या संस्थानाची राजधानी होते. रथसप्तमीला आज शाळाशाळांच्या मैदानांवर विद्यार्थी रांगा लावून सूर्यनमस्कार घालतात. त्यांच्या या प्रघाताशी औंधच्या एका राजाचे आयुष्य जोडलेले आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. हे राजे म्हणजे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

२४ ऑक्टोबर १८६८ रोजी जन्मलेल्या बाळासाहेबांचे उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. संस्थानिकाच्या मुलाने पदवीधर होणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. पुढे १९०९ मध्ये त्यांच्याकडे संस्थानाची गादी आली. चित्रकला, कीर्तन आणि साहित्य या तिन्हींत त्यांना गती होती. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी उदार आश्रय दिला. १९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधच्या टेकडीवरील त्यांचे संग्रहालय आजही रसिकांना तिकडे खेचून नेते. मात्र या बहुरंगी जीवनाला ज्या एका सूत्राने बांधून ठेवले, ते सूत्र होते रोजच्या व्यायामाचे.

सँडोकडून सूर्याकडे

विशेष म्हणजे बाळासाहेबांच्या व्यायामाची सुरुवात सूर्यनमस्कारांनी झाली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजीन सँडो या युरोपीय बलदंड पुरुषाची कीर्ती जगभर पसरली होती. पिळदार देह, डंबेल्स आणि टपालाने मागविता येणारी व्यायामाची साधने यांनी तरुणांना भुरळ घातली होती. बाळासाहेबही त्यातलेच. १८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोची पुस्तके व साधने मागविली आणि जवळपास दहा वर्षे निष्ठेने त्या पद्धतीचा व्यायाम केला.

नमस्कारांची परंपरा त्यांच्या घराला अपरिचित नव्हती. १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या प्रोत्साहनाने ते या जुन्या व्यायामाकडे वळले आणि कायमचे त्याचे झाले. सूर्यनमस्कार त्यांनी शोधून काढले नाहीत. महाराष्ट्रात ते पूर्वापार घातले जात होते. देवघरात, आखाड्यात किंवा व्रताचा भाग म्हणून चाललेल्या या प्रकाराला त्यांनी नेमकी पद्धत दिली आणि तो सर्वसामान्य माणसाच्या दिनक्रमात आणून बसविला.

या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा अवस्था आहेत. हात जोडून ताठ उभे राहायचे, कमरेतून वाकून तळवे जमिनीला टेकवायचे, एक पाय आणि नंतर दुसरा पाय मागे न्यायचा, साष्टांग घालायचा, छाती वर उचलून पाठीचा कणा मागे वळवायचा, कंबर उंच करायची आणि आलो त्याच मार्गाने पुन्हा उभे राहायचे. जमिनीवर टेकलेले तळवे मधल्या काळात जागचे हलवायचे नाहीत, हा त्यांचा कटाक्ष होता. मान, खांदे, पाठ, पोट आणि पाय यांना एकाच आवर्तनात ताण मिळतो आणि श्वासाला लय लाभते. बीजमंत्रांच्या स्पष्ट उच्चारावरही त्यांचा भर असे.

त्यासाठी लागते काय? अंगभर जागा आणि थोडा वेळ. साधने नकोत, आखाडा नको, जोडीदारही नको. सँडोचा व्यायाम ऐपतदारांना परवडणारा होता, तर नमस्कार शेतकऱ्याच्या मुलालाही घालता येणारे होते. प्रजेचे उत्पन्न बेताचे आणि पाऊस त्याहून बेताचा, अशा मुलुखाच्या राजाला हा फरक महत्त्वाचा वाटला असल्यास नवल नाही.

शाळेत सक्ती, रंगभूमीवर थट्टा

बाळासाहेबांनी संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांप्रमाणे मुलींनाही त्यांत स्थान होते. स्त्रियांनी व्यायाम करणे म्हणजे मर्यादाभंग, असे मानण्याच्या त्या काळात राजघराण्यातील स्त्रियाही नेमाने नमस्कार घालीत. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर तेव्हा औंधलाच वास्तव्यास होते. आसने व व्यायामाच्या प्रचारात त्यांच्या लेखणीचेही बळ मिळाले.

१९२८ मध्ये बाळासाहेबांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षाकडे झुकलेल्या या राजाची तडफ पाहून न्यूज क्रॉनिकल या दैनिकाच्या पत्रकार लुईझ मॉर्गन प्रभावित झाल्या. त्यांनी संपादित केलेली या पुस्तकाची नवी आवृत्ती १९३८ मध्ये लंडनमध्ये निघाली आणि औंधचा व्यायाम इंग्रजी वाचकांच्या घरांत पोहोचला.

या ध्यासाची थट्टाही झाली. नमस्कारांचे वेड त्या काळी इतके सर्वदूर पोहोचले होते, की १९३३ मध्ये रंगभूमीवर आलेल्या आचार्य अत्रे यांच्या 'साष्टांग नमस्कार' या नाटकात नमस्कारांनी झपाटलेले एक रावबहादूर अवतरले आणि प्रेक्षक पोट धरून हसले. नमस्कार म्हणजे सर्व रोगांवरचा रामबाण उपाय, अशी भाषा प्रचारक करू लागले की थट्टेला वाव मिळतोच. स्वतः बाळासाहेबांनीही नमस्कारांच्या गुणांविषयी केलेले काही दावे आजचे वैद्यकशास्त्र जसेच्या तसे स्वीकारणार नाही. पाठीचे दुखणे, हर्निया किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नमस्कार सुरू करू नयेत, हेही तितकेच खरे. तथापि, नियमित हालचालीवाचून शरीर गंजते, हा त्यांचा मूळ आग्रह काळाच्या कसोटीवर टिकला आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाचा हिशेब केला तर तो जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा होतो.

सत्ता सोडली, नेम नाही

बाळासाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय सत्तरीत आला. पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली औंधसाठी नवी राज्यघटना तयार झाली. १९३९ च्या जानेवारीत ती अमलात आली आणि ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या असलेल्या लोकप्रतिनिधींच्या हाती कारभार गेला. देशातील बहुतेक संस्थानिक आपले अधिकार जपण्यात गुंतले असताना या राजाने ते आपण होऊन प्रजेला दिले. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांसाठी खुली वसाहतही सुरू झाली.

हुकूम काढण्याचा अधिकार ज्याने असा सोडला, त्यानेच शाळेत नमस्कारांची सक्ती केली होती, याचा विचार करावासा वाटतो. सक्तीने मुले रांगेत उभी राहतात, पण रांग मोडल्यावर नेम टिकेलच असे नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि औंधच्या राजाचा हुकूम इतिहासजमा झाला. शाळा सुटल्यावर किती विद्यार्थ्यांनी नमस्कार चालू ठेवले, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडायची नाही. बाळासाहेबांवर मात्र कोणाचीच सक्ती नव्हती. चाळिशीच्या उंबरठ्यावर घेतलेला वसा त्यांनी उतारवयातही सोडला नाही. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

महानगरांतील आजचे जीवन औंधच्या राजाच्या दिनक्रमाहून फार निराळे आहे. लोकलचा प्रवास, तासन् तास संगणकापुढची बैठक आणि उशिराचे जेवण यांत व्यायामाला सवड उरत नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. जानेवारीत जिमचे वर्षभराचे शुल्क भरायचे आणि मार्चपर्यंत तिकडे पाठ फिरवायची, हाही अनेकांचा अनुभव आहे. बाळासाहेबांच्या मागे राज्यकारभार होता, कचेऱ्या होत्या, दौरे होते आणि हजार व्यवधाने होती. तरीही नमस्कारांसाठी त्यांनी वेळ राखून ठेवला. व्यायाम ही फावल्या वेळेत करण्याची गोष्ट नाही, दात घासण्याइतकीच ती रोजची बाब आहे, हे त्यांनी चार दशके आचरणातून दाखविले. सतरंजीभर जागा तर वन रूम किचनमध्येही मिळते. उद्या सकाळी तिथे पाच नमस्कार घालून सुरुवात करायला काय हरकत आहे?